पुंजारामच्या पंगतीचं पहिलं पाणी

बिडकीनची जमीन कारखान्यांना देऊन पुंजाराम चिकलठाण्याच्या सोसायटीत आला, आणि अमेरिकेत लेकीकडं एक उन्हाळा काढल्यापासून तर तिथल्या याकिमा आदिवासींचा ठेका त्याच्याकडंच. लेक मोनिका राहते ती त्यांच्याच मुलखात, सफरचंदांच्या खोऱ्यात. हा मात्र "आमचे याकिमा" म्हणणार, जणू सोयरीकच जुळलीय. त्यांनी पूर्वी सरकारला जमीन लिहून दिली, पण नदीवर मासे धरायचा हक्क राखला, हे छाती फुगवून सांगणार. यानं स्वतःची दिली तेव्हा बांधावरचा आंबासुद्धा राखला नव्हता. पण ते विचारायचं नाही.

आता त्याला सोसायटीचं अध्यक्ष व्हायचं होतं. म्हणून निवडणुकीआधी सगळ्यांना जेवण, तेही याकिमा पद्धतीनं.

"त्यांच्या लांबलचक सभाघरात आधी समदे मिळून पाणी पितात," तो पंगतीपुढं उभा राहून म्हणाला. "मग मासा, मग कंदमुळं. समद्यांचं पाणी झाल्याबिगर घासाला हात लावायचा नाय. आपणबी तसंच करू."

त्याच्या बायकोनं, लक्ष्मीबाईनं, स्टीलचे पेले मांडले. तिसऱ्या मजल्यावरच्या करुणाताईंपुढं तेवढा कागदी कप. ताई बँकेत अधिकारी, घर बौद्ध. पुंजारामनंच सकाळी बायकोला बजावलं होतं. एवढ्या पेल्यांत कुणाच्या ध्यानात येतंय, ही त्याची अक्कल.

करुणाताईंनी कप उचलून पाहिला. "काका, तिकडं तुम्ही परके. तुम्हाला कशात दिलं पाणी?"

"समद्यांसारखंच की," पुंजाराम बोलून गेला आणि जीभ चावली.

"असं? मग थांबते मी."

नियम त्याचाच. पंगत अडली, पुऱ्या मऊ पडल्या. शेजारचे सांडूमामा उठले, आपला पेला पालथा घातला आणि आतून कागदी कपांची चळतच घेऊन आले. "वहिनी, आम्हालाबी ह्याच्यातच द्या. याकिमाचं हेच दिसतंय."

पंगत खदखदून हसली. कप हातोहात पुढं सरकले. लक्ष्मीबाईनंही एक घेतला, नवऱ्याकडं न बघता. करुणाताई प्याल्या, सगळे प्याले.

"प्या की पुंजारामभाऊ," मामा म्हणाले, "तुमच्यापायी लोक उपाशी हायेत."

अध्यक्षपद गेलं, हे त्याला तिथंच कळलं. त्यानं हातातला स्टीलचा पेला तोंडाला लावला. अख्ख्या पंगतीत वेगळ्या भांड्यानं पाणी पिणारा आता तो एकटाच होता.