आतोबांची दाद

गाणारे पुण्यात पुष्कळ झाले. ऐकणारा एकच झाला, तो म्हणजे आमचे आतोबा, माझ्या आत्याचे यजमान. बोटं आखडून त्यांची सतार सुटली, तेव्हापासून त्यांनी ऐकणं हाच उद्योग मांडला. कसब्यात कीर्तन असो वा बैठक, आतोबा सर्वांच्या पुढं मांडी ठोकून बसत. एखादी जागा आवडली की मांडीवर थाप मारून "वाहवा, पुन्हा" म्हणत, आणि ती जागा पुन्हा घेतल्याशिवाय गवयाची सुटका नसे. नाही आवडली तर पानाचा डबा उघडत. त्या झाकणाच्या आवाजानं भल्याभल्यांचा सूर हले.

मी तेव्हा संगमावर, इंग्रज वकिलाच्या, म्हणजे रेसिडेंटच्या, बंगल्यात कारकून होतो. तिथल्या डॉक्टरची बायको पियानो वाजवी. एका संध्याकाळी पाहुण्यांत मी आतोबांनाही घुसवलं. बाईंनी सोनाटा नावाची चीज सुरू केली. साहेबलोक तोंडं मिटून बसलेले. यांच्यात कुणी गेलंय का, असं आतोबांनी मला हळूच विचारलं. पहिला भाग संपवून बाई क्षणभर थांबल्या मात्र, आतोबांची थाप पडली, "वाहवा, पुन्हा." बाईंनी वळून पाहिलं, हसल्या, आणि अथपासून सगळं पुन्हा वाजवलं.

झालं. पुढं चार महिने कसब्याला दुसरा विषय नव्हता. आतोबा स्वतः गुणगुणून एका सतारियाकडून ती चीज वाजवून घेत आणि जमलेल्यांना समजावत, की ही दोन बहिणींची गोष्ट आहे. थोरली षड्जावर घरीच राहते, धाकटी पंचमावर सासरी जाते. मधे भांडाभांडी होते, आणि शेवटी धाकटी थोरलीच्या षड्जावर माहेरी येते. मग डावा हात कशाला, असं कुणी विचारलं तर म्हणत, "ती आई. खाली आपली दळत बसलीय."

मी पडलो कारकून. बंगल्यातल्या दुभाष्यानं मला बाईंचा सुरांचा कागद दाखवला; त्यावर 'मागं फिरा' अशी खूणच छापलेली होती, म्हणजे दाद नसती तरी बाई फिरल्याच असत्या. हा शहाणपणा मी आत्याच्या ओसरीवर पाजळला. आतोबा उठून आत गेले. त्या दिवसापासून त्यांची दाद बंद झाली. बैठकीत नुसते बसून राहत, पानाचा डबासुद्धा नेत नसत. एका गवयानं घाबरून मला विचारलं, की आमचं काही चुकलं का. आत्या एवढंच म्हणाली, "खूण खरी असेल रे, पण तुला विचारली कुणी होती?"

मला फार लाज वाटली. शेवटी धीर करून दुभाष्यामार्फत मी बाईंनाच विचारलं. त्या म्हणाल्या, खूण आहेच, पण इथल्या पाहुण्यांना कंटाळा येतो म्हणून मी ती नेहमी सोडून देते. त्या दिवशी त्या वृद्ध गृहस्थांनी मागितलं, म्हणून फिरले.

तसाच कसब्यात आलो आणि आतोबांना सांगितलं. त्यांचे डोळे भरून आले. मग मांडीवर हलकेच थाप पडली.

"पुन्हा सांग."

मी अथपासून सांगितलं. मग त्यांनी आत्याला बोलावून मला तिसऱ्यांदा सांगायला लावलं.

आतोबांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. कसब्यात गाणं अजून होतं, चांगलंही होतं. पण फार भराभर पुढं निघून जातं.