किंचाळणारी हेडा

हेडविग कोसाकला बर्लिनमध्ये सगळे 'किंचाळणारी हेडा' म्हणूनच ओळखत. आणि हेडा तर जन्मात कधी किंचाळली नव्हती!

मुके चित्रपट होते ना! खुनी खिडकीतून आत येतो, हेडा वळते, डोळे विस्फारते, तोंड उघडते, आणि थिएटरातले वाद्यवाले व्हायोलिन असं काही कर्रकन ओढतात की बाया शेजारच्याचा दंड धरतात. त्या उघड्या तोंडावर तिने इतकी वर्षं घर चालवलं. बर्लिनच्या वायसेनझे भागातल्या काचेच्या स्टुडिओत तेव्हा नुसता बाजार असायचा. दिग्दर्शक टेसमर भोंग्यातून ओरडायचा, "घाबर! अजून घाबर! आलाच बघ तो!" सुतार ठोकत असायचे, दिवेवाला ब्रुनो शिडीवरून सगळ्यांना शिव्या हासडत असायचा. त्या गदारोळात हेडाच्या गळ्यातून नुसती हवा बाहेर पडते, हे कुणाच्या बापाला कळणार होतं?

तिची आई रात्री बल्बच्या कारखान्यात राबायची आणि दिवसा झोपायची. मागच्या चाळीत एक खोली, चार पोरं. कुणाचा आवाज निघाला की ओला टॉवेल पाठीत. हेडाचा हात चुलीवर भाजला तेव्हाही तिने ओठ मिटून घेतले. आवाज गिळायची ती सवय लागली ती लागलीच.

आणि आता चित्रपट बोलायला लागले, मेले! टेसमरने तिला बोलावून सांगितलं, "या चित्रपटात तू तीनदा किंचाळायचंस. खरंखुरं. सोमवारी चाचणी. नाही जमलं तर मला दुसरी बघावी लागेल, हेडा. राग मानू नकोस."

रविवारी ती ग्रूनेवाल्डच्या जंगलात गेली, झाडांमध्ये उभी राहिली, तोंड उघडलं. काही नाही. कुत्रा फिरवायला आलेल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "बाई, दात दुखतोय का?" घरी येऊन तिने उशीत तोंड खुपसलं, तिथेही तेच. आई दारात उभी राहून बघत होती. "ओरड की बिनधास्त! मला आता कुठे ऐकू येतंय?" म्हातारी म्हणाली, आणि बटाटे सोलायला निघून गेली. हेडाला त्या क्षणी आईचा असा राग आला, की भरल्या घरात काही फोडावंसं वाटलं. पण तेही तिने आवाज न करता गिळलं.

सोमवारी स्टुडिओ ओळखू येईना. काचांवर गाद्या ठोकलेल्या, भिंतींना घोंगड्या, सगळ्यांच्या पायात नमद्याच्या मऊ, आवाज न करणाऱ्या सपाता. दारावरचा लाल दिवा लागून आवाज टिपायला सुरुवात झाली की कुणी शिंकायचंसुद्धा नाही. एक जण आदल्या आठवड्यात खोकला आणि संध्याकाळपर्यंत त्याची नोकरी गेली. आवाजवाला हाऊक काचेच्या खोलीत कानाला यंत्र लावून बसलेला.

लाल दिवा लागला. हेडाने तोंड उघडलं. शांतता. हाऊकने मान हलवली. पुन्हा. तीच नुसती हवा. टेसमरचं तोंड लहान झालं. तिसऱ्यांदा तिने मान वर केली, तर मचाणावरचा जडशीळ दिवा आकड्यातून सरकताना दिसला. बरोबर खाली ब्रुनो, वायर गुंडाळत पाठमोरा. वरच्या माणसाने ते पाहिलं होतं. पण लाल दिवा! त्या शहाण्याने स्वतःच्याच तोंडावर हात दाबला होता.

हेडा किंचाळली.

ब्रुनो उडी मारून बाजूला पडला, दिवा जमिनीवर फुटला. हेडाचा घसा सोलून निघाला होता, ती रडत होती आणि हसत होती. "आला! ऐकलात ना? आला आवाज!"

"पोरी, तुझ्यामुळे वाचलो गं!" ब्रुनो म्हणाला.

हाऊक कान चोळत बाहेर आला. "आवाज टिपायची तबकडी खराब झाली. इतकं मोठ्याने नाही घेत यंत्र. आणि बाई, खरं सांगू? ते माणसासारखं वाटलंच नाही. जरा हळू, गोड, असं घाबरा."

तिने परत प्रयत्न केला. गळा बंद. पुन्हा केला. बंद.

"असू दे," टेसमर मवाळपणे म्हणाला. "तोंड तुझं, आवाज दुसरीचा." टायपिंगच्या खोलीतल्या ट्रूडेला आणून पडद्यामागे मायक्रोफोनसमोर उभं केलं. अठरा-एकोणीस वर्षांची पोरगी, च्युइंगगम चघळत आलेली.

लाल दिवा. हेडाने तोंड उघडलं आणि पाठीमागून किंकाळी आली. स्वच्छ, लांब, तरणीताठी. जणू आपल्याच तोंडातून ती बाहेर पडत होती आणि आपल्याला ती थांबवता येत नव्हती. तिचे गाल पांढरेफटक पडले. आयुष्यात ती कॅमेऱ्यापुढे इतकी भ्यायली नव्हती.

"वा! वा गं हेडा!" टेसमर टाळ्या पिटत उठला. "अशी तर तू कधीच घाबरली नव्हतीस!"

हाऊकनेही खोलीतून मान डोलावली. तेवढ्यात ट्रूडे पडदा बाजूला सारून, केस सारखे करत बाहेर आली. "जमलं का हो, साहेब?"

टेसमरने तिच्याकडे पाहिलं. मग जरा जास्तच वेळ पाहिलं.

"पोरी," तो म्हणाला, "इकडे ये बघू, उजेडात उभी राहा."

उजेडात जागा एकाच माणसापुरती होती. हेडा बाजूला झाली.