सोनं का रोज आंघोळ करते?

मोठीमायच्या अंगावर गुंजभरही सोनं नव्हतं. गळ्यात काळ्या मण्यांची पोत, तिच्यात मधोमध पितळेचा एक मणी, कानात दसऱ्याला नागपूरहून आणलेली खोटी फुलं, हातात काचेच्या बांगड्या. झालं. आणि तरी पांढुर्ण्यातल्या आमच्या वस्तीत कुणाचाही सोन्याचा दागिना मळला, की ती बाई तो पदराखाली झाकून आमच्याच अंगणात यायची. "मोठीमाय, हे कधी धुवू वं?" सगळी वस्ती तिला मोठीमाय म्हणायची. माझी मात्र ती खरोखरची मोठीमाय, म्हणजे बाबांच्या मोठ्या भावाची बायको. माझी आई गेली तेव्हा मी दीड वर्षाची होते. त्या दिवशी हिनं मला कडेवर घेतलं, ते माझं लग्न होईपर्यंत काही खाली ठेवलं नाही.

दागिना समोर आला तरी ती लगेच हातात घ्यायची नाही. आधी चौकशी. रोजच्या अंगावरचा की ठेवणीतला? चोख सोन्याचा की मिसळीचा? मग निकाल. "रोजचा असंल तं महिन्या-दीड महिन्यातून साध्या पाण्यानं. ठेवणीतला असंल तं सालातून दोनदा, जयंतीच्या आधी अन् दसऱ्याच्या आधी. बस." एवढ्यावर समाधान न होणाऱ्या बाया असायच्याच. दर आठ दिवसांनी सोनं चकचकीत हवं असणाऱ्या. त्यांना ती म्हणायची, "सोनं का रोज आंघोळ करते? थे का तुह्यासारखं बागेत घाम गाळून राहिलं?" बाई हसत हसत दागिना परत घेऊन जायची. माझा अंदाज आहे, दहातले सात दागिने मोठीमायनं न धुताच परत पाठवले असतील.

हे ज्ञान तिला आलं कुठून? माहेर लोधीखेड्याचं, शाळा चौथीपर्यंत. लग्न होऊन पांढुर्ण्याला आली तेव्हा दोन-चार वर्षं तिनं एका सराफाच्या घरी धुणीभांडी केली होती. सराफीणबाईला सांधेदुखी, त्यामुळे सणावाराला दागिने धुवायचं कामही हिच्याच माथी. तिथं ती जे शिकली ते तिनं जन्मभर धरून ठेवलं. "चोख सोनं म्हंजे लोणी हाय बाई. बोट लागलं तं बोटाचं होते, नख लागलं तं नखाचं. त्याले घासाचं नसते." पुढे ती संत्र्याच्या हंगामात मंडीत फळं निवडायला जाऊ लागली, लहान वेगळं, मोठं वेगळं, डागी वेगळं. पण डोळा सराफाच्या घरी तयार झालेला. भावाभावात संत्र्याच्या ढिगाऱ्यावरून भांडण लागलं तरी शेवटी बोलावणं हिलाच यायचं.

चौदा एप्रिलच्या जयंतीच्या दोन दिवस आधी आमच्या अंगणात धुण्याचा सोहळा असायचा. रात्री भिजवलेले रिठे सकाळी चुरून फेस काढलेला. पितळेची परात, तिच्यात जुन्या धोतराचं कापड अंथरलेलं, म्हणजे मणी घरंगळला तरी आवाज होऊ नये आणि पोचा पडू नये. पाणी कोमट, त्यात स्वतःचं मनगट बुडवून पाहायची, पोराच्या आंघोळीचं पाहावं तसं. गरम पाणी बिलकूल नाही. डोरल्याच्या वाट्यांच्या पोटात लाख भरलेली असते, ती उकळत्या पाण्यात पाझरली की दागिना गेलाच म्हणायचा. दागिना फेसात नुसता बुडवून ठेवायचा, मग बोटाच्या पेरानं हलवायचा, मग साध्या पाण्यात दोनदा. धुतलेलं पाणी मोरीत ओतायचं नाही, आधी फडक्यातून गाळायचं. सगळं आटोपल्यावर बाया पांढऱ्या साड्यांवर ते चार-चार मणी घालून निघाल्या, की ही दारात उभी राहून असा चेहरा करायची, जणू सगळं सोनं हिच्याच गळ्यात आहे. मला तिची ती ऐट फार आवडायची. अजूनही जयंतीला कुणाच्या गळ्यात गहूमण्यांची माळ दिसली, की मी वेड्यासारखी त्या बाईकडे पाहत राहते.

मास्तरीणबाईंचा किस्सा सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहायच्या, नवरा मास्तर, म्हणून त्या मास्तरीणबाई. त्यांच्याकडे चोख सोन्याची एक साखळी होती आणि त्यांना स्वच्छतेचं भारी वेड. मोठीमायनं तीनदा परत पाठवल्यावर त्यांनी घरीच दर रविवारी साखळी मंजनानं घासायला सुरुवात केली. जुन्या ब्रशनं! वर्षभरानं ती साखळी दोऱ्यासारखी झाली आणि पोळ्याच्या दिवशी बैल बघताना गर्दीत तुटून पडली. नशिबानं सापडली. रडत आल्या. मला वाटलं, आता मोठीमाय तोंडसुख घेणार. तिनं फक्त साखळी तळहातावर धरली आणि म्हणाली, "हिचं अर्धं तुमच्या मोरीतून जाम नदीत गेलं वं बाई." मग बराच वेळ दोघी चहा पीत बसल्या.

आता माझ्या गोष्टीकडे येते. ही सांगायची म्हणजे माझीच मला लाज वाटते, पण सांगते.

माझ्या आईचं डोरलं मोठीमायच्या पेटीत होतं. चोख सोन्याच्या दोन वाट्या, काळ्या पोतीत ओवलेल्या. सालातून दोनदा ते बाहेर निघायचं आणि मला पाहायला मिळायचं. आईचा फोटो एकच, तोही ग्रुपमधला, चेहरा नीट न दिसणारा. त्यामुळे आई म्हणजे माझ्यासाठी ह्या दोन वाट्या. त्यातल्या डाव्या वाटीच्या काठावर दोन बारीक पोचे होते, जवळजवळ, आणि त्यांच्यात मळ बसून ते काळे दिसायचे. मला ते खुपायचं. बाकी वाटी लखलखीत आणि तेवढ्यातच काळं! मी टाचणी घेऊन यायची, मोठीमाय हातावर फटका द्यायची. "राहू दे ते. तिथी हात लावाचा नाही."

ते पोचे कशाचे होते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तुम्हाला मात्र आत्ताच सांगून टाकते, नाहीतर तुम्हीही माझ्यासारखाच मोठीमायवर अन्याय कराल. ते माझे दात होते. सहा-सात महिन्यांची असताना आईच्या मांडीवर पडून मी तिच्या गळ्यातलं डोरलं चावायची. पहिले दोन दात आले आणि त्या मऊ सोन्यात उमटले. आईनं जाताना डोरलं काढून मोठीमायच्या हातात दिलं होतं आणि एवढंच म्हणाली होती, "हे पोरीले द्या भाबी, ह्याच्यावर तिचे दात हायेत." मी आईच्या मांडीवर कधीतरी होते याचा जगात तेवढाच पुरावा. मोठीमाय वीस वर्षं तो जपत होती. वस्तीला सांगितलेले सगळे नियम खरे होते, पण त्यांचा एवढा कडकपणा ह्या दोन पोच्यांपायी होता.

मला कुणी काही सांगितलं नव्हतं. मास्तरीणबाईंनी एकदा सहज म्हटलं, "सख्खी असती तं घासूनपुसून चमकवलं असतं." त्यांच्या मनात काही नव्हतं, पण माझ्या मनात ते रुतलं. चौदा वर्षांची असताना, दसऱ्याच्या धुण्याला, मी भर अंगणात मोठीमायला म्हटलं, "तू माझी आई असतीस तर असं काळं ठेवलं नसतंस." ती परातीत हात घालून बसली होती. हात तसेच राहिले. मग म्हणाली, "टावेल दे इकडे." मी दिला. तिनं डोरलं टिपलं, गुंडाळलं आणि पेटीत ठेवलं. संध्याकाळी माझ्या ताटात रोजच्यापेक्षा जास्त तूप होतं. माझा राग तरी गेला नाही.

लग्न ठरलं, तारीख जवळ आली. बाबा सौंसरच्या कचेरीत, ते सकाळी बसनं जायचे आणि संध्याकाळी यायचे. मोठीमायला मंडीत हंगाम. पेटीची किल्ली आता माझ्याच कमरेला. मी डोरलं घेतलं आणि सरळ बाजारात सोनाराकडे गेले. लग्नात आईचं डोरलं घालायचं तर ते नव्यासारखं दिसलं पाहिजे, असं माझ्या डोक्यात. सोनारानं वाटी भिंगाखाली धरली. भला माणूस, त्यानं विचारलंसुद्धा, "बाई, हे दोन पोचे काढून देऊ का?"

मी म्हटलं, "काढाच."

दहा मिनिटं लागली नाहीत. चोख सोनं, ते लगेच ऐकतं.

घरी येऊन मी ते मोठ्या दिमाखात मोठीमायच्या तळहातावर ठेवलं. ती मंडीतून नुकतीच आली होती, हाताला संत्र्यांचा वास. तिनं वाटी दाराच्या उजेडात धरली. काठावरून अंगठा फिरवला. उलट फिरवला. मग दुसरी वाटी पाहिली, आपण चुकीची तर पाहत नाही ना म्हणून. "लखलख झालं वं," ती म्हणाली आणि चहा मांडते म्हणून आत गेली. चहा उतू गेल्याचा वास आला तरी ती बाहेर आली नाही. मी बाहेर आरशासमोर डोरलं गळ्याला लावून बघत होते. मूर्ख कुठली!

तीन वर्षांनी माझी मुलगी सात महिन्यांची असताना मी भोपाळहून माहेरी आले. पोर मोठीमायच्या मांडीवर, मी शेजारी वाकून तिला काही भरवत होते, तर तिनं माझं डोरलं धरलं आणि कचकन चावलं. मोठीमाय खदखदून हसली. "अवो बाई! तूही अशीच चावे. तुह्या मायच्या मांडीवर, हीच वाटी..." आणि पोरीच्या हातातून वाटी सोडवू लागली. पण मी ऐकलं होतं. मी काही तिला सोडलं नाही, सगळं वदवून घेतलं. मग मी जो गोंधळ घातला! रडले, ओरडले. "काहून नाही सांगितलं? वीस वर्षं होती तुझ्याजवळ!"

ती पोरीला थोपटत राहिली. म्हणाली, "सांगितलं असतं तं तू रोज त्या खड्ड्यात बोट घालून बसली असती. मले पोरगी वाढवाची होती, रडवाची नव्हती. म्हटलं, लगनाच्या दिवशी सांगीन, सासरी जातानी. तू आठ दिवस आधीच..." आणि सोनाराकडून आणलं त्या दिवशी का नाही, मी विचारलं. "त्या दिवशी तू किती खुश होती. तुही हौस मोडून का करू?"

त्यानंतर आमच्यात हा विषय निघाला नाही. फोनवर इकडचं-तिकडचं. पांढुर्णा जिल्हा झाला तेव्हा मी अभिनंदन केलं तर म्हणाली, "जिल्हा झाला, पण नळ थोच हाय." धुण्याचा सोहळा बंद पडला. बाया आता दुकानात मशीनवर सोनं धुवून घेतात. तिच्या बोटांना कंप सुटला होता, ती म्हणायची, "माह्या हातून आता कोणाचं सोनं बिघडाले नको." तरी कुणी विचारलं की निकाल तोच, सालातून दोनदा.

शेवटची भेट झाली ती पांढुर्ण्याच्या स्टेशनवर. नको नको म्हणत असताना ती रिक्षा करून मला सोडायला आली होती. गाडी दोन मिनिटं थांबते. मी सामान चढवलं, दारात उभी राहिले. खाली तिनं माझा हात धरून ठेवला होता आणि काहीतरी म्हणत होती, गोंधळात ऐकू येईना. मी वाकले.

"सुजे, तुह्या मायनं एकच खूण सांभाळाले देल्ली होती. मले थेही नाही जमलं. पोरी, माफ करजो."

माफ मी करायचं! खूण मी पुसली, तिला नाही नाही ते मी बोलले, आणि माफी ही मागत होती. त्या वेळी मी काय म्हणायला हवं होतं ते मला आता रोज सुचतं. भांडी घासताना सुचतं, ऑफिसात सुचतं. म्हणायला हवं होतं, अगं, आईची खूण कशाला हवी होती मला, मला आई होती ना. खरं सांगते, त्या वाट्या हातात घेतल्या तरी मला आई आठवत नाही. कशी आठवेल? आठवतेस ती तूच. नुसतं "माय" म्हटलं असतं तरी पुरलं असतं. 'मोठी' गाळून. एवढंच.

गाडी हलली. तिचा हात सुटला. आणि मी ओरडून म्हटलं, "मोठीमाय, गोळ्या टाइमवर घेत जा!"

तिनं मान हलवली. अकरा दिवसांनी बाबांचा फोन आला.