राणीचा गाळलेला प्रवेश

अदेगोकेची नाटक मंडळी ट्रक भरून गावोगाव फिरायची, तेव्हा मोपेलोलाच्या वाट्याला एकच काम होतं. राणी होऊन डोक्यावर घागर घेऊन राजा झालेल्या अदेगोकेसमोर यायचं, गुडघे टेकायचे आणि खाली मान घालून ऐकायचं. ती त्याची तिसरी बायको. मंडळीतल्या सगळ्याच नट्या त्याच्या बायका होत्या. "घरचीच माणसं, पळून जातील कुठं?" असं तो लोकांना हसून सांगायचा. वाक्य चुकलं की खडीवर गुडघे टेकायला लावायचा. सिडिकातू नावाच्या धाकटीनं एकदा भर प्रयोगात एक ओळ खाल्ली. पडद्यामागे तिला अशी कानाखाली बसली की त्या कानानं तिला पुन्हा कधी ऐकू आलं नाही. मोपेलोला मात्र कधीच चुकली नाही. चुकायला तिला वाक्यच नव्हतं.

पुढे घरोघरी टीव्ही आले, मंडळी मोडली. एकेक बायको आपापल्या मुलांकडे निघून गेली. ओशोग्बो गावातल्या पत्र्याच्या घरात दोघंच उरली. मोपेलोला सकाळी दारात बसून विकायला चवळीचे अकारा-वडे तळायची आणि दुपारी चर्चच्या ओसरीवर म्हाताऱ्या बायकांबरोबर अक्षरं गिरवायला जायची.

"साठी उलटली आणि धुळाक्षरं काढतेय!" अदेगोके शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचा. "का गं, देवाच्या दारात सही करायचीय?"

मग काचबिंदूनं त्याचे डोळे नेले आणि तिची तीच अक्षरं त्याला गरजेची झाली. ज्या जुन्या नाटकावर त्याचं नाव झालं, त्याचं छापील पुस्तक त्यानं ट्रंकेतून काढायला लावलं. लढाई हरलेला राजा भिकाऱ्याच्या वेषात आपल्याच वाड्याच्या दाराशी येतो, अशी ती गोष्ट. बापजाद्यांच्या काळापासून लोकांच्या तोंडी असलेली.

"राजाचं तेवढं वाच. बाकीचं सोड," तो म्हणाला. ती अडखळत वाचू लागली की खेकसायचा, "वाक्य म्हणतेस की यामचे कंद कुटतेस?"

एका दुपारी तो झोपला होता. मोपेलोलानं सहज पहिलं पान उघडलं. कुणी ओरडायला नाही, कुणी घाई करायला नाही. पहारेकरी बोलला, मग म्हातारा प्रधान, मग बाजारातली भांडकुदळ बाई. सगळे तिच्याच जिभेवर येऊन बोलत होते. प्रधानाच्या वेळी तिनं ओठ मुडपले आणि बाजारवालीच्या वेळी एकटीच खुदकन हसली. इतकी वर्षं ती या नाटकात होती, पण नाटक तिला आज भेटलं.

आणि मग तिसऱ्या अंकात एका पानावर 'राणी' हा शब्द आला. पुन्हा आला. पुन्हा. पानं उलटली तरी संपेना. राजा आपली ओळख सांगतो आणि राणी डोक्यावरची घागर उतरवून म्हणते, "माझा राजा रणात पडला. तू जिवंत आहेस, म्हणजे तू तो नव्हेस." तिथून पुढे ती त्याला असे काही प्रश्न विचारते की शेवटी राजाच गुडघ्यावर येतो.

मोपेलोलानं तो प्रवेश संपवला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचला. चुलीवरचं तेल जळून काळं झालं.

अदेगोके उठल्यावर तिनं विचारलं, "राणीला एवढं बोलणं होतं. तुम्ही कधी सांगितलं नाहीत?"

"गाळलं होतं मी," तो जांभई देत म्हणाला. "लोक राजाला बघायला यायचे. आणि सांगून काय करणार होतो? तुला वाचता कुठं येत होतं?" स्वतःच्याच बोलण्यावर तो खूप वेळ हसला.

त्या वर्षी गावच्या कलाकारांनी त्याचा सत्कार ठरवला. वासिऊ नावाचा चिटणीस घरी आला. "बाबा, ते राजाचं भाषण झालंच पाहिजे."

भाषण पाठ होतं, पण मधली एक ओळ हमखास निसटायची. "तू पुस्तक घेऊन मागे बस," अदेगोकेनं बजावलं. "अडलो की हळूच सांग."

सभागृह भरलं होतं. आवाज अजून खणखणीत होता, पहिल्याच वाक्याला टाळी पडली. मग ती जागा आली आणि तो थांबला. मान किंचित मागे वळवून वाट पाहू लागला. मोपेलोलाचं बोट बरोबर त्या ओळीवर होतं. ती बोलली नाही. त्यानं मागची दोन वाक्यं पुन्हा घेतली, धावत आला आणि तिथंच पुन्हा अडला. "मोपे," तो पुटपुटला. पहिल्या रांगेत कुणीतरी खोकलं. त्याच्या कपाळावरचा घाम भुवयांत उतरला. शेवटी वासिऊनंच टाळ्या वाजवल्या आणि सगळ्यांनी वाजवल्या. दया आलेल्या माणसांच्या मऊ मऊ टाळ्या.

दोघं घरी आली. उंबरठ्यावर तो म्हणाला, "ओळ सापडली नाही का तुला?"

"सापडली होती. बोट होतं तिच्यावर."

"मग?"

"राणीला तिथं वाक्य नाही. तुम्हीच तसं बसवलंय."

त्यानं हात उगारला. हात दाराच्या चौकटीवर आदळला, सुजला. तिनं त्याला कोमट पाण्याचा शेक दिला आणि सगळा वेळ तिला आतून बरं वाटत होतं, ताप उतरल्यासारखं.

त्यानंतर ती रोज मोठ्यानं वाचू लागली, फक्त राणीचा प्रवेश. राजाची वाक्यं आली की मनात वाचायची. मधल्या शांततेत तो चाचपडत आपली वाक्यं भरायचा. "चुकलं," ती म्हणायची आणि पुढे जायची. काही महिन्यांनी त्यानं भरणं सोडून दिलं. "एकदा तरी राजाचं वाच गं," एवढंच म्हणायचा.

हरमाटनच्या कोरड्या वाऱ्यात त्याची छाती भरली. एका संध्याकाळी त्यानं आतून पाणी मागितलं. प्रवेशाच्या चार ओळी उरल्या होत्या. तिनं त्या नीट, थांबत थांबत वाचल्या आणि मग उठली. पाणी त्याच्या ओठांवरून उशीवर गेलं.

"अशी बायको मिळायला नशीब लागतं," बायका मातीच्या वेळी म्हणाल्या. "आंधळ्याला हात धरून शेवटपर्यंत सांभाळलं."

आठवड्यानं पाहुणे गेले, घर रिकामं झालं. मोपेलोलानं पुस्तक उघडलं आणि आता कुणासाठी गाळायचं म्हणून राजाची वाक्यंही मोठ्यानं वाचायला घेतली. पण कानात आवाज आला तो अदेगोकेचाच, तरुणपणचा, खणखणीत. तिनं पान बदलून पाहिलं, सूर बदलून पाहिला. तरी तोच. एका जागी तो अडला. तिनं पुढची ओळ पाहिली, आणि या वेळी ती त्याला सांगितली.