माहेरच्या बोराची आठळी

बार्शी डेपोतून महिपतीअप्पा कंडक्टर म्हणून निवृत्त झाले, पण त्यांची तपासायची सवय काही निवृत्त झाली नाही. डाळ शिजली का, म्हणून ते कुकरचं झाकण काढायला निघायचे. विरजण लागलं का, म्हणून दह्यात बोट घालायचे. अशा माणसासोबत राजाबाईंनी हसतमुखानं संसार केला, यापेक्षा त्या बाईचं जास्त कौतुक काय सांगायचं!

यंदाच्या हिवाळ्यात रस्ता रुंद करताना राजाबाईंच्या माहेरचं बोराचं झाड तोडलं. बातमी कळली त्या दिवशी, लग्नानंतर पहिल्यांदाच, त्यांची भाकरी करपली. अप्पांनी ती मुकाट्यानं खाल्ली. भावानं त्या झाडाची शेवटची बोरं धाडली होती. त्यांच्या आठळ्या अप्पांनी वेचून, धुऊन ठेवल्या.

"राजे, तुझं झाड हितंच उगवून दावतो."

"दावा की. आदी गच्चीवरची तुळस जगवून दावा," राजाबाई म्हणाल्या. पण डोळे चमकले होते.

अप्पांनी कुंडी माठाखाली ठेवली. बाळंतिणीला जपावं तशी सावली, गारवा, वरून माठाचं थेंब थेंब पाणी. आणि रोज सकाळी प्रत्येक आठळी उकरून काढायची, धोतराला पुसायची, उजेडात धरून बघायची आणि परत पुरायची. थंडी सरली. बऱ्याच आठळ्या काळ्या पडून कुजल्या. उरल्या त्या होत्या तशाच, ढिम्म.

शेजारची अंकिता कृषी महाविद्यालयात शिकते. कुंडी बघून ती कपाळावर हात मारून हसली.

"अप्पा, बी झोपलीय. कवच इतकं टणक, की पाणी आत जाईना. त्यात तुमी गारठ्यात ठेवलीय. बोराला ऊब लागती. कवच फोडा अन् उन्हात ठेवा."

"मग माळावर कोण फोडायला जातंय गं?"

"तितं ऊन, पाऊस, शेळ्यांचं पोट, सगळे मिळून झिजवतात. लई दिवस लागतात. थांबताय?"

थांबणं अप्पांच्या रक्तातच नव्हतं. त्यांनी हातोडी आणली. पहिल्याच घावात आठळी आतल्या दाण्यासकट भुगा झाली. दुसरीचंही तेच. आता दोनच उरल्या. अप्पांनी हातोडी खाली ठेवली. त्या दोन गेल्या की झाड कायमचंच गेलं.

"सरका," राजाबाई म्हणाल्या.

त्यांनी पाट्यावर आठळी उभी धरली, शिवण बघितली आणि वरवंट्याची कड हलकेच टेकवून मारली. टक्. आख्खा दाणा तळहातावर आला.

"आगं, हे कुटं शिकलीस?"

"ल्हानपणी त्या झाडाखाली आमचा हाच तर उद्योग," असं म्हणत त्यांनी दुसरी फोडली आणि बोलता बोलता तो दाणा तोंडात टाकून चावलासुद्धा.

अप्पा आ वासून बघत राहिले. राजाबाईंच्याही ध्यानात आलं. त्या ओशाळल्या, पण चावायच्या काही थांबल्या नाहीत.

"तीच चव हाय," त्या हळूच म्हणाल्या. पदर डोळ्यांना गेला. अप्पांच्या ओठांवर आलेला ओरडा तिथंच विरला.

शेवटचा दाणा माती भरलेल्या पिशवीत गेला. पिशवी सकाळच्या उन्हात, राजाबाईंच्या ताब्यात. पाणी त्याच घालणार. अप्पांनी फक्त लांबून, हात पाठीमागं बांधून बघायचं.

एका सकाळी ते असेच लांबून वाकले आणि मातीत दोन गोलसर हिरवी पानं दिसली.

"राजे! ए राजे! आलं!"

"कालच आलंय."

"काल? अन् मला न्हाय सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर मूळ धरलंय का बघाया उपटलं असतं की तुमी." त्यांनी पिशवीवर टोपली पालथी घातली. "आन् एवढं नाचू नका. बियाचं झाड हाय, बोरं आंबट निघतील."

"आंबट तर आंबट. पर मला कालच..."

"व्हय व्हय. च्या घ्या."

अप्पांनी चहा घेतला तो टोपलीशेजारी बसून.