पुस्तकात नसलेली बाई

थप्पी कोसळली तेव्हा मी गोदामाच्या दारात होते आणि रुक्मा आत. एका मिनिटाआधी तिचं मनगट माझ्या हातात होतं, तिनं सोडवून घेतलं. मागं वळले तर धानाची पोती घरंगळत होती, भुशाची धूळ उडाली होती आणि लोक ओरडत होते. रुक्माचा आवाज त्यात नव्हता.

रुक्मा माझी धाकटी जाऊ. भूत, करणी, अंगात येणं — मी यातलं काही मानत नाही. सासू मेली त्या दिवसापासून मी तिच्याच खाटेवर झोपते. चौथी शिकले, जन्मभर बिड्या वळल्या. जे झालं ते तसंच लिहिते.

आमचं गाव सालेकशाच्या अलीकडे, रस्त्याला लागून. ही दहा-बारा वर्षांमागची गोष्ट असेल. कौसल्या वेगळी, आम्ही सहा जणी तिच्या ओसरीवर बसून, मांडीवर पानं-तंबाखूचं सूप घेऊन बिड्या वळायचो. कौसल्या सातवी शिकलेली. ती पुस्तक वाचायची आणि तिच्या वाटणीच्या बिड्या आम्ही वळून द्यायचो. पुस्तकं गुरुजींच्या वाचनालयातली.

त्यात एक कादंबरी होती, पुढच्या काळातली, कुठल्यातरी परदेशातली. राज्यच असं की माणसाचं नाव काढून नंबर देतात, जेवणाऐवजी गोळी देतात, म्हातारं झालं की शेडात नेऊन बसवतात. शेवटी शेडाचं दार बंद व्हायला लागतं. तेवढ्यात एक बाई सूप घेऊन उठते, म्हणते, "चला वं बायांनो, उजेड हाय तवर बाहेर बसू." आणि सगळे तिच्यामागं बाहेर पडतात. परदेशात सूप कुठून आलं, हे विचारायचं आमच्यातल्या एकीलाही सुचलं नाही. कौसल्या स्वतः रोज चार वाजता ओसरी अंधारली की हेच म्हणायची, तेही ध्यानात आलं नाही. दोन वर्षांनी ती छातीच्या दुखण्यानं गेली.

मग त्या कादंबरीवरच्या सिनेमाची सीडी गुरुजींना मिळाली, हिंदीत. गोंदियाहून प्रोजेक्टर आणला. भरदुपारीही अंधार असतो म्हणून राइस मिलच्या गोदामात पडदा लावला. खाली फरशी गार, म्हणून लोकांनी थप्पीच्या कडेची खालची पोती ओढून बसायला घेतली आणि थप्पीलाच पाठ टेकली. कोणी अडवलं नाही. रुक्माची कंबर दुखत होती, तिच्यासाठी पोतं मी ओढलं.

सिनेमा सुरू झाला. गोळ्या वाटायला लागले तसं मागून कोणीतरी बोललं, "अबे, भातच नाही तं जगून कायले राहिले हे?" सगळं गोदाम हसलं. नावं काढून घेतली तेव्हा एक म्हातारा म्हणाला, "राशन कार्डावर माह्यं नाव कधी बरोबर होतं?" पुन्हा हशा. मग म्हाताऱ्यांना शेडात न्यायला लागले... तेव्हा कोणी हसलं नाही. रुक्मा पदर तोंडाला लावून बसली.

दार बंद व्हायला लागलं. आणि पडद्यावर ती उठली. हातात सूप, काठाला फडकं गुंडाळलेलं. तोंड नीट दिसलं नाही. बोलणं ऐकलं — हिंदीत नाही, आपल्या बोलीत. "चला वं बायांनो, उजेड हाय तवर बाहेर बसू."

आम्ही सहाही जणी उठलो. कोणी कोणाला सांगितलं नाही. रोज त्या बोलण्यावर उठायचो तशाच उठलो.

मी रुक्माचं मनगट धरलं. "चाल, ऊठ."

"काऊन वं बाई? संपू दे ना."

"ते बाई बोलावून राहिली, ऊठ!"

"कोन बाई? दार लागून राहिलं, मले पाहू दे," म्हणत तिनं हात सोडवला. मागून एक जण ओरडला, "ओ आजी, पडद्यापुढून सरका, नाही तं तुमालेच शेडात टाकतीन!" लोक हसले. बाकीच्या पाच जणी बाहेर पोचल्या होत्या, मीही चिडून निघाले. दारात पोचले आणि थप्पी आली.

महिनाभरानं आम्ही गुरुजींकडे गेलो. त्यांनी घरच्या टीव्हीवर सीडी लावली. दार बंद होतं आणि सिनेमा संपतो. बाई नाही, सूप नाही. गुरुजींनी पुस्तकाचं शेवटचं पान दोनदा वाचून दाखवलं. त्यातही दार बंद होतं आणि संपतं.

"सूपवाली बाई तुमाले कोनं सांगतली?" गुरुजींनी विचारलं.

"कौसल्यानं. वाचून दाखवली तिनं."

गुरुजींनी पुस्तक मिटलं. कौसल्यानं तो शेवट मनानं लावला होता, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. का लावला, आता कोणाला विचारणार?

लोक म्हणतात, पोती सरकल्याचा आवाज तुमच्या कानाला आधी लागला असेल. असेल. पण सहा जणींना एकच सूप दिसलं, त्याचं काठाचं फडकंसुद्धा. रुक्मा बिड्या वळत नव्हती, ओसरीवर कधी बसली नव्हती. तिला बंद दारच दिसत होतं. मी दोन हातांनी ओढलं असतं तर आली असती. एका हातानं ओढलं.

पोत्यांखाली तिघं गेली, रुक्मा त्यातली एक. ओसरीवरच्या आम्ही सहाही जणी जिवंत राहिलो.