बंद खिडकीचं पान

स्वयंपाकघरामागच्या अरुंद खोलीत, वाळत घातलेल्या कपड्यांखाली तिचं टेबल होतं. त्या टेबलाशी बसून ती तीसेक वेबसाइट चालवायची. एक फक्त पोपटांची, एक शिलाई मशीनच्या दुरुस्तीची, एक डोकेदुखीची, एक कुरकुरणाऱ्या दारांची. तिने जन्मात पोपट पाळला नव्हता. पण पोपट अचानक गप्प झाला की लोक सर्चमध्ये नेमके कोणते शब्द टाकतात, हे तिला तोंडपाठ होतं आणि सगळा धंदा त्यावरच उभा होता. ज्या प्रश्नाला कुणीच धड उत्तर दिलेलं नाही, तिथे आपलं पान नेऊन ठेवायचं, माणसं आपोआप येतात. इकडचं तिकडचं वाचून ती लिहायची, पण लिहायची अशा ठसक्यात की वाचणाऱ्याला वाटावं, बाईच्या घरी पोपटांची शाळा भरते.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. तो तिला 'सर्वज्ञ' म्हणायचा, आणि पाहुण्यांसमोरही म्हणायचा. ती हसून सोडून द्यायची, कारण स्क्रीनच्या कोपऱ्यात येणाऱ्यांचा आकडा वाढताना दिसला की तिला दुसऱ्या कौतुकाची गरज वाटत नसे.

थंडी सुरू झाली तशी तिने साइटची आवराआवर काढली. खोली उबदार ठेवण्याबद्दल तिच्या दोन साइट होत्या. विजेच्या हीटरची जोरात चालायची, नुसत्या किमती देणारी गॅसच्या हीटरची रडतखडत. तिने गॅसची बंद करून टाकली. पण तिथे येणारी थोडी माणसं तरी वाया का घालवा? मग या धंद्यातले सगळे करतात तेच तिने केलं. बंद साइटवर जो येईल, त्याला परस्पर दुसऱ्या साइटच्या सगळ्यात चालणाऱ्या पानावर नेऊन सोडायची सोय करून ठेवली. आलेल्याला पत्ताही लागत नाही की आपण भलत्याच घरात शिरलोय.

त्या पानाचा मथळा होता, 'हीटर लावल्यावर खिडकी उघडी ठेवावी का?' खाली ठळक अक्षरांत उत्तर होतं. अजिबात नाही. खिडक्या, दारं घट्ट लावा, फटींना कापड लावा, ऊब टिकते. 'विजेचा' हा शब्द पानावर कुठेच नव्हता. तो साइटच्या नावात होता, म्हणून तिला पुन्हा लिहायची गरज वाटली नव्हती.

एका दुपारी त्या पानाखाली कुणीतरी लिहिलं, "सोप्या भाषेत सांगितलंत, आभार. आईच्या खोलीत गॅसचा हीटर आहे. आजपासून खिडकी बंद करून फटींना कापड लावतो. तिला थंडी सोसत नाही."

तिने सवयीने आपलं ठरलेलं उत्तर टाकलं, 'धन्यवाद, असेच भेट देत राहा.' उत्तर गेलं आणि मग तिची नजर 'गॅसचा' या शब्दावर अडली.

नवरा स्वयंपाकघरात जेवत होता. तिने दारातूनच विचारलं, बंद खोलीत गॅसचा हीटर रात्रभर लावला तर काय होतं?

"विषारी वायू साठतो. वास नाही, काही नाही. माणूस झोपतो तो उठत नाही," तो घास घेता घेता म्हणाला. "का गं?"

तिने स्क्रीनकडे बोट दाखवलं. तो ताट तसंच ठेवून आत आला, स्क्रीनवरचं वाचलं आणि त्या दिवशी त्याने तिला सर्वज्ञ म्हटलं नाही.

पान तिने लगेच दुरुस्त केलं, कॉमेंट करणाऱ्याच्या ओळींखाली इशारा लिहिला, जुन्या साइटवरून इकडे येणारी वाट तोडली. पण तो तर वाचून गेला होता. त्याला गाठायचं कसं? कॉमेंट करताना ईमेल द्यावा लागला तर लोक कंटाळून निघून जातात, म्हणून तो रकाना तिने स्वतःच काढून टाकला होता. आणि तो परत येईल कशाला? ज्याला उत्तर मिळालं तो माणूस त्या पानावर परत येत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? अंधार पडायला फार वेळ नव्हता. कुठल्यातरी घरात एक मुलगा आईच्या खिडकीच्या फटीत कापड खुपसत असणार, आणि मनात म्हणत असणार, बरं झालं विचारलं.

तिला एकच गोष्ट येत होती, माणसं खेचून आणणं. तिने सगळ्या साइटच्या माथ्यावर लाल अक्षरांत पाटी लावली: 'आईच्या खोलीतल्या गॅस हीटरबद्दल लिहिणाऱ्यांनी खिडकी ताबडतोब उघडावी, हीटर बंद करावा. आमचं उत्तर चुकलं.'

"पोपटांवर कशाला लावतेस?" नवऱ्याने विचारलं.

"असेल त्याच्याकडे पोपट."

तो हसला नाही. ती विचार करत राहिली, उद्या हा माणूस काय शोधेल? त्या वायूने आधी डोकं दुखतं, हे तिने आत्ताच वाचलं होतं. आईचं डोकं दुखतंय, असं शोधेल. नवं पान सर्चमध्ये वर यायला दिवस लागतात, म्हणून तिने डोकेदुखीच्या जुन्या, चालत्या पानावर तीच पाटी आणखी मोठी केली. आई उठत नाहीये, असंही तो शोधू शकेल, हे तिला सुचलं.

संध्याकाळपासून उत्तरं यायला लागली. 'मी तो नाही, पण आमचीही खिडकी बंद होती. उघडली.' मग तसंच आणखी एक. मग आणखी. तिला हायसं वाटायला हवं होतं, उलट भीती वाढत गेली. आजवर ही सगळी माणसं म्हणजे तिच्यासाठी कोपऱ्यातला आकडा होती. त्या उत्तरांत तो मात्र नव्हता. असे दोन दिवस गेले. नवरा चहा आणून ठेवायचा आणि गार झालेला घेऊन जायचा.

तिसऱ्या सकाळी डोकेदुखीच्या पानाखाली ओळी आल्या.

"तो मीच. आईचं डोकं दुखत होतं म्हणून शोधत होतो, तर तुमची पाटी दिसली. खिडकी उघडली, हीटर बंद केला. आई बोलतेय, पण गरगरतंय म्हणते, गारठलीये. आता काय करू? तुम्ही सांगाल तसं करतो."

ती हमसून रडली. आई बोलतेय, एवढंच तिने नवऱ्याला कसंबसं सांगितलं. मग डोळे पुसून लिहायला बसली, आणि बोटांनी आपोआप तोच ठसका धरला: 'गरगरत असल्यास सर्वप्रथम...' तिने ते खोडलं. शेवटचं वाक्य तिने पुन्हा वाचलं. तुम्ही सांगाल तसं करतो. तिला त्या वाक्याचीच सगळ्यात जास्त भीती वाटली.

कोपऱ्यातला आकडा सांगत होता, त्या पानावर आत्ता एकच माणूस आहे. तो वाट बघत होता.

"मला यातलं काही कळत नाही," तिने लिहिलं. "मी वाचून लिहिते. आईला आत्ताच दवाखान्यात घेऊन जा, आणि बंद खोलीत गॅसचा हीटर होता हे डॉक्टरांना सांगा."

तिने उत्तर पाठवलं. थोड्या वेळाने तो एक आकडाही गेला. मग तिने पोपटांची साइट उघडली आणि आजवर आपण लोकांना काय काय सांगून ठेवलंय, ते पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं.